रविवारची हवा वेगळी मोजा: ठाण्याच्या हवेची जबाबदारी असलेल्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहरातील हवेची मोजणी, तपासणी आणि नियंत्रण ज्यांच्या सहीने चालते ते सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

हवा मोजणाऱ्या यंत्रांवर काम करणारे, त्यांची निगा राखणारे आणि त्यातून निघणारे आकडे तपासणारे आम्ही लोक याच शहरात राहतो. आमची मुलं इथल्याच मैदानांवर खेळतात आणि आमचे म्हातारे आईवडील सकाळी तलावपाळीला फिरायला जातात. आकडे आमच्या हातातून जातात, त्यामुळे त्यांचं पुढे काय होतं हे बघून गप्प बसवत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

मुद्दा एकच आहे. शहराच्या धुळीचा हिशेब महिन्याच्या आणि वर्षाच्या सरासरीत मांडला जातो, आणि त्या सरासरीत आठवड्याचे सातही वार एकत्र कालवले जातात. बुधवार आणि रविवार यांच्या हवेत काय फरक होता, कोणत्या तासाला होता, कोणत्या नाक्यावर होता, हे कुठल्याच अहवालात सापडत नाही. खरं तर ठाण्यातली धूळ कुठून येते हे शोधायचं सगळ्यात स्वस्त साधन हा फरकच आहे. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. दर सात दिवसांनी शहर आपणहून थोडं मंदावतं, आणि त्या मंदावण्याची नोंद यंत्रात आधीच झालेली असते.

निसर्गाला वार कळत नाहीत. खाडीवरून दुपारी येणारा वारा, डिसेंबरात पहाटे पारसिकच्या डोंगरापासून येऊरच्या पायथ्यापर्यंत साचून राहणारी गार हवा, पाऊस, यांतलं काहीही शनिवार-रविवार बघून बदलत नाही. म्हणून हवेच्या आकड्यांत वर्षानुवर्षं टिकणारी सात दिवसांची लय दिसली, तर ती माणसाच्या कामाचीच असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहावरून जगभरच्या शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड वारानुसार तपासला गेला. युरोप, अमेरिका आणि जपानच्या शहरांत तो रविवारी सर्वांत कमी भरला, मुस्लिम देशांतल्या शहरांत शुक्रवारी, इस्रायलमध्ये शनिवारी. सुट्टीचा वार बदलला की हवेचा उताराचा वारही बदलला. हे अंतराळातून दिसू शकलं, तर तीन हात नाक्यावरच्या यंत्रातून दिसायला काहीच हरकत नाही.

मात्र धूलिकणांच्या बाबतीत हा फरक सरळ वाचता येत नाही. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला जाडसर भाग, म्हणजे २.५ ते १० मायक्रॉनचे कण, मुख्यतः रस्त्यावरची उडालेली धूळ, माती, सिमेंट आणि टायर-ब्रेकची झीज असतो. तो मिनिटांत नाहीतर काही तासांत खाली बसतो. वाहनं आणि बांधकामं थांबली की तो लगेच घटतो. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, जळण्यातून आणि हवेतल्या वायूंच्या रासायनिक बदलांतून तयार होतो आणि कित्येक दिवस तरंगत राहतो. रविवारी दुपारी ठाण्यात मोजलेल्या पीएम २.५ मध्ये शुक्रवारचा धूर असतो, भिवंडी-कल्याणकडून आलेला असतो, आणखी लांबून आलेलाही असतो. त्यामुळे रविवारी पीएम १० चांगला उतरला आणि पीएम २.५ जवळपास जिथल्या तिथे राहिला, तर यंत्र बिघडलं असं समजायचं कारण नाही. दोन्हींतली वजाबाकी करून जाडसर भाग वेगळा काढा आणि तो वारानुसार बघा. शहरातली रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ तिथे उघडी पडते.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार रोज दिसणाऱ्या आकड्याची. हवा गुणवत्ता निर्देशांकात धूलिकणांचा आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. दिवसभरात छातीत किती धूळ गेली हे सांगायला तो योग्य आहे. पण थंडीतल्या रविवारी सकाळी ७ वाजता उपवनला पळायला निघालेला माणूस मोबाइलवर जो आकडा बघतो, त्यात १७ तास शनिवारचे असतात आणि ७ तास रविवारचे. त्या क्षणी तो कोणती हवा घेतो आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं रोजचं पत्रक दुपारी ४ च्या सुमारास निघतं, तेही मागच्या २४ तासांवर. म्हणजे रविवारच्या पत्रकात शनिवारी दुपारी ४ ते मध्यरात्रीचे ८ तास येतात, नेमके बाजारपेठा, हॉटेलं आणि मॉलच्या गर्दीचे. रविवारची संध्याकाळ सोमवारच्या खात्यात जमा होते. या पत्रकांवरून कुणी कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस यांची तुलना केली, तर फरक असतो त्याहून कमीच दिसणार, कारण प्रत्येक आकड्यातले एक तृतीयांश तास आदल्या दिवसाचे आहेत. त्यात निर्देशांकाचे टप्पेही रुंद आहेत. पीएम १० घनमीटरला १८० मायक्रोग्रॅमवरून १३० वर आला, तरी दोन्ही आकडे १०१ ते २५० या एकाच टप्प्यात बसतात. श्रेणी ‘मध्यम’च राहते आणि पडद्यावरचा रंगही बदलत नाही. ५० मायक्रोग्रॅमची घट कुणाला दिसतच नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, ती हाताने चालवल्या जाणाऱ्या केंद्रांची. हवा मोजणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, २४ तास नमुना घेतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार वर्षाची सरासरी किमान १०४ नमुन्यांवर काढायची आहे, आणि नमुने समान अंतराने घ्यायचे आहेत. आठवड्याचे दोन वार ठरवून टाकले की १०४ चा आकडा भरतो आणि काम सोपं होतं. पण ते दोन वार सोमवार आणि गुरुवार असतील, तर त्या केंद्राच्या संपूर्ण वर्षात एकही रविवार नसतो. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शितं दरवेळी पातेल्याच्या एकाच कडेची काढली तर भात शिजला की नाही हे कळत नाही. शिवाय सोमवार ते गुरुवार ३ दिवस आणि गुरुवार ते सोमवार ४ दिवस, म्हणजे अंतरही समान राहिलं नाही.

याचा उपाय जुना आणि साधा आहे. नमुना दर तिसऱ्या दिवशी घ्या. तीन आणि सात या दोन्ही आकड्यांना एकाशिवाय दुसऱ्या कुठल्याच आकड्याने भाग जात नाही, त्यामुळे वार आपोआप सरकत जातो आणि २१ दिवसांत सातही वार एकेकदा येऊन जातात. अमेरिकेत दर तिसऱ्या किंवा दर सहाव्या दिवशी नमुना घेण्याची पद्धत आहे, त्यातही वार असेच फिरतात. दर तिसऱ्या दिवशी घेतले तर वर्षाला सुमारे १२१ नमुने होतात. म्हणजे १०४ ची अट पाळून वर १७ नमुने जास्त. प्रत्येक केंद्रामागे एवढाच वाढीव खर्च आहे.

या नमुन्यात नेमकं काय हाती येतं, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पीएम २.५ चा सॅम्पलर, म्हणजे नमुना घेणारं यंत्र, मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो. २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा ४७ मिलिमीटरच्या पातळ पांढऱ्या फिल्टरमधून जाते. त्या दिवशी पीएम २.५ बरोबर मानकाइतका, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असला, तर फिल्टरवर जमलेल्या धुळीचं वजन १.४४ मिलिग्रॅम भरतं, साखरेच्या एखाद-दोन दाण्यांइतकं. रविवारची हवा कामाच्या दिवसापेक्षा १० टक्क्यांनी हलकी असेल, तर वजनातला फरक ०.१४ मिलिग्रॅमचा असतो. फिल्टर चिमट्याऐवजी बोटाने उचलला, वजनाआधी ठरलेल्या तापमान-आर्द्रतेच्या खोलीत पुरा वेळ ठेवला नाही, किंवा पावसाळी दिवशी दमट खोलीत तोलला, तर एवढा फरक चुकीतच बुडून जातो. शनिवारचा फिल्टर सोमवारपर्यंत सॅम्पलरमध्येच पडून राहिला तर उन्हाने त्यातला अमोनियम नायट्रेट उडून जातो आणि वजन आणखी घटतं. सुट्टीच्या दिवशीही फिल्टर वेळेवर काढणारा माणूस हवा, असा आमचा हट्ट आहे तो यासाठी.

इथूनच तिसरी तक्रार सुरू होते. आपोआप चालणारी केंद्रं दर तासाला आकडा देतात, पण ती माणसांशिवाय चालत नाहीत. शुक्रवारी रात्री फिल्टरची टेप तुटली, पंपाचा प्रवाह १६.७ वरून घसरला, किंवा केबिनचा एसी बंद पडून आतलं तापमान वाढलं, तर दुरुस्ती सोमवारी सकाळी होते. मधले ६० तास कोरे राहतात, आणि त्यांतले बहुतेक तास शनिवार-रविवारचे असतात. बिघाड कुठल्याही वारी होतो. पण मंगळवारचा बिघाड दोन तासांत निघतो आणि शनिवारचा दोन दिवस राहतो, म्हणून कोरे तास सुट्टीच्या दिवशी गोळा होतात. दिवसाचा निर्देशांक काढायला किमान १६ तासांचे आकडे लागतात. ते भरले नाहीत की तो दिवस गळतो. महिन्याच्या अहवालात ‘९० टक्के आकडे उपलब्ध’ असं लिहिलं जातं, त्यात गळलेले १० टक्के कोणत्या वारांचे हे लिहिलेलं नसतं.

चौथी तक्रार देखरेखीची. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कर्मचाऱ्यांना दोन दिवस विश्रांती मिळते ती मिळालीच पाहिजे, त्यावर आमचं काहीच म्हणणं नाही. पण धूळ पाच दिवसांचा आठवडा पाळत नाही. राडारोड्याची गाडी शनिवारी रात्री खाडीच्या कडेला रिकामी होते, कारण तेव्हा अडवणारा कुणी नसतो. सुका पाला आणि कचरा रविवारी पहाटे पेटवला जातो. रेडी मिक्स काँक्रीटच्या प्लांटवर आठवडाभर फवारे सुरू दिसतात, रविवारी ते बंद असतात आणि मिक्सरच्या गाड्या मात्र चालू असतात. मुंबई महानगर प्रदेशात बांधकामाचं साहित्य नेणाऱ्या गाड्या पूर्ण झाकलेल्या असाव्यात असं उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये बजावलं होतं. तो आदेश वार बघून नव्हता. भरारी पथकांनी वर्षभरात केलेल्या भेटी वारानुसार मांडल्या, तर शनिवार-रविवारच्या रकान्यात काय दिसेल, हे आपण स्वतःच एकदा काढून बघावं.

पाचवी तक्रार रस्त्याच्या धुळीची आहे, आणि इथे थोडं थांबावं लागेल, कारण रविवारी वाहनं कमी म्हणजे धूळ कमी असं सगळेच धरून चालतात आणि ते अर्धंच खरं आहे.

पक्क्या रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एपी-४२ या संकलनात एक सूत्र आहे, आपल्याकडच्या अभ्यासांतही ते वापरतात. प्रत्येक वाहनामागे उडणारी धूळ दोन गोष्टींवर ठरते: रस्त्याच्या दर चौरस मीटरवर पडलेली ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक माती, आणि रस्त्यावरच्या वाहनांचं सरासरी वजन. मातीचा घातांक ०.९१ आहे आणि वजनाचा १.०२, म्हणजे धूळ दोन्हींच्या जवळजवळ प्रमाणात वाढते. आता समजा, एका रस्त्यावरून १०० वाहनं जातात. त्यांत ९० हलकी, सरासरी १ टनाची, आणि १० ट्रक, प्रत्येकी २५ टनांचे. सुट्टीच्या दिवशी हलक्या वाहनांतली ५० कमी झाली आणि ट्रक तेवढेच राहिले, तर रस्ता डोळ्यांना निम्मा रिकामा दिसतो, पण या सूत्राने धूळ फक्त १४ टक्क्यांनी घटते. उलट हलकी वाहनं सगळी तशीच राहिली आणि फक्त ५ ट्रक कमी झाले, तर रस्ता नेहमीसारखाच भरलेला दिसतो आणि धूळ ३७ टक्क्यांनी उतरते.

ठाण्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. नौपाड्याचा रविवार आणि घोडबंदर रोडचा रविवार एकसारखे नाहीत. नौपाड्यात रविवारी शाळांच्या बस नसतात, ऑफिसला जाणारे नसतात, आणि बहुतेक सोसायट्यांच्या नियमांनुसार फ्लॅटमधली तोडफोड आणि टाइल कापायचा ग्राइंडरही बंद असतो. घोडबंदर रोडवरून मात्र उरणच्या बंदराचा माल अहमदाबाद महामार्गाकडे जातो, आणि बंदर रविवारी बंद नसतं. त्यात शनिवार-रविवार सहलीला निघालेल्या गाड्यांची भर पडते. स्टेशन परिसराची गोष्ट आणखी निराळी. मध्य रेल्वेवर किंवा ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक असला की रविवारी दुपारी लोक रस्त्यावर येतात. रिक्षा सीएनजीवर चालतात, त्यांच्या धुरात कण कमी असतात, पण टायरखालची धूळ सीएनजीने कमी होत नाही. या तिन्ही ठिकाणांची मिळून एक सरासरी काढली तर तिचा उपयोग कुणालाच नाही.

रस्त्यावरची बारीक माती निम्मी केली तर त्याच सूत्राने धूळ ४७ टक्क्यांनी उतरते. म्हणून झाडलोट हाच खरा उपाय, पण ती कशी होते तेही बघायला हवं. कोरड्या खराट्याने पहाटे ६ वाजता झाडलं, तर माती दुभाजकाच्या कडेला ढीग होऊन बसते आणि सगळ्यात बारीक भाग हवेत जातो, तोही हवा सर्वांत कमी उंचीत कोंडलेली असताना. झाडणाऱ्या बाईच्या छातीत तो आधी जातो. टँकरने शिंपडलेलं पाणी मार्चच्या उन्हात तास-दीड तासात सुकतं आणि चिखलाचा थर पुन्हा धूळ होतो. पाणी मारून लगेच ओढून घेणारं यंत्र रस्त्याच्या कडेपासून फिरवलं, तरच माती शहराबाहेर जाते. ते यंत्र कोणत्या वारी कोणत्या रस्त्यावर फिरलं याची नोंद हवेच्या आकड्यांशेजारी ठेवली, तर त्याचा उपयोग झाला की नाही हे महिनाभरात कळेल. आज ती नोंद एका फायलीत असते आणि हवेचे आकडे दुसऱ्या.

रात्रीच्या अवजड वाहतुकीबद्दलही सांगायला हवं. गर्दीच्या वेळी ट्रकना बंदी आणि रात्री मुभा, ही व्यवस्था वाहतूक कोंडीच्या दृष्टीने बरोबर आहे. पण दुपारी जमिनीजवळची हवा हजारभर मीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, थंडीतल्या रात्री ती काही शे मीटरांत कोंडते आणि वाराही पडलेला असतो. त्याच ट्रकचा तोच धूर मध्यरात्रीनंतर कितीतरी दाट होतो, आणि रस्त्यालगतच्या इमारतींच्या खिडक्यांतून झोपलेल्या माणसांपर्यंत जातो. ट्रकच्या वेळा बदलायचा विचार झाला, तर त्याआधीचे आणि नंतरचे तासागणिक आकडे वारानुसार ठेवा. दिवसाची सरासरी हा फरक दाखवणार नाही. रात्री वाढलेलं आणि दिवसा घटलेलं तिच्यात एकमेकांत मिसळून जातं.

वारानुसार तुलना करताना चुका कुठे होतात हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे, म्हणून रीतही लिहून देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ स्वतंत्र घ्यावा, मार्च ते मे स्वतंत्र. पावसाळ्यात पाणी कण धुऊन टाकतं आणि वारांची लय झाकली जाते. दिवाळीचे दिवस, होळी, ३१ डिसेंबर आणि अवकाळी पावसाचे दिवस बाजूला काढावेत. आडवारी आलेल्या सुट्ट्यांचा, उदाहरणार्थ २६ जानेवारीचा, वेगळा गट करावा. त्या दिवशी रविवारसारखी घट दिसली तर आपलं वाचन बरोबर आहे याची ती खूण असते. कामाचा दिवस म्हणून मंगळवार, बुधवार, गुरुवार हेच धरावेत, कारण सोमवारच्या पहाटेत रविवार मिसळलेला असतो आणि शुक्रवारच्या संध्याकाळी आठवडाअखेर सुरू झालेली असते. दिवस पहाटे ५ ते दुसऱ्या पहाटे ५ असा मोजावा, म्हणजे रात्रीचे ट्रक आदल्या दिवसाच्याच खात्यात राहतात. सरासरीसोबत मध्यकही (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावा, म्हणजे शेजारी पेटलेल्या एका कचऱ्याच्या ढिगाने पूर्ण रविवार बिघडणार नाही.

चार महिन्यांच्या हंगामात रविवार जेमतेम १७ येतात. वगळायचे वगळले की १३-१४ उरतात. वारा पडला की धूळ एका दिवसात दुप्पट होऊ शकते, तेव्हा एका हंगामावरून ५ टक्क्यांच्या फरकाची बढाई मारू नये. निदान तीन हिवाळे एकत्र घ्यावेत. एक पडताळणी जरूर करावी: तेच आकडे सहा दिवसांच्या किंवा आठ दिवसांच्या खोट्या आठवड्यात मांडून बघावेत. खोट्या आठवड्यातही तेवढाच फरक दिसला, तर तो रविवारचा नाही, हवामानाचा आहे.

आणि हवामान काढून टाकायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जोडीने मोजणं. एक यंत्र माजिवडा किंवा कासारवडवलीसारख्या वाहत्या रस्त्यालगत, दुसरं येऊरच्या पायथ्याशी, मोठ्या रस्त्यापासून दूर. दोन्हींचे इनलेट, म्हणजे हवा आत घेणारी तोंडं, सारख्या उंचीवर, ३ ते १० मीटरांच्या मर्यादेत, आणि झाडांच्या फांद्यांपासून मोकळे. त्याच तासाला रस्त्याचा आकडा वजा पायथ्याचा आकडा, म्हणजे रस्त्याने घातलेली भर. भिवंडीहून आलेला धूर दोन्हीकडे सारखाच असतो, तो वजाबाकीत निघून जातो. ही भर रविवारी किती घटते, ते रस्त्याचं खरं उत्तर. स्वस्त लेझर सेन्सर लावायचे असतील तर आधी महिनाभर मोठ्या यंत्राशेजारी ठेवून जुळवून घ्यावेत. आपली खाडीकाठची दमट हवा कणांना फुगवते, आणि पहाटे हे सेन्सर धुक्यालाच धूळ समजतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक केंद्राचे पीएम १० आणि पीएम २.५ चे आकडे दर महिन्याला सात वार आणि चोवीस तासांच्या तक्त्यात जाहीर करावेत, शेजारी प्रत्येक वारी किती तास कोरे गेले हेही लिहावं. हा एक तक्ता मिळाला तरी बाकीच्या निम्म्या गोष्टी लोक स्वतः शोधून काढतील.

हाताने चालणाऱ्या केंद्रांचं वेळापत्रक दर तिसऱ्या दिवसाचं करावं आणि ते वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करावं. पीएम १० चे आठ-आठ तासांचे तीन फिल्टर वेगळे तोलले जातात, तर त्यांचे आकडेही वेगळेच द्यावेत.

यंत्रांच्या देखभालीच्या करारात शनिवार-रविवारची हजेरी लिहून घ्यावी: बिघाड कळल्यापासून ६ तासांत माणूस केंद्रावर, आणि प्रत्येक केबिनमध्ये जादा टेप व जादा पंप. जादा कामाचा मोबदला तंत्रज्ञाला मिळालाच पाहिजे, नाहीतर ही अट कागदावरच राहील.

भरारी पथकांच्या पाळ्या अशा लावाव्यात की महिन्यातून निदान दोन शनिवारच्या रात्री आणि दोन रविवारच्या पहाट त्यांत येतील. पथकातल्यांना बदली सुट्टी आठवड्यात द्यावी. भेटींची संख्या वारानुसार प्रसिद्ध करावी.

घोडबंदर रोड, कापूरबावडी आणि तीन हात नाका इथे रस्त्यावरच्या बारीक मातीचं वजन तीन महिन्यांतून एकदा, गुरुवारी आणि रविवारी, मोजावं. एक चौरस मीटरची चौकट आखून व्हॅक्यूमने माती ओढायची, वाळवायची, २०० नंबरच्या चाळणीतून गाळून तोलायची. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

थंडीत शनिवार-रविवारी सकाळी मैदानांवर आणि तलावांकाठी २४ तासांच्या निर्देशांकासोबत मागच्या एका तासाचा धूलिकणांचा आकडाही फलकावर दाखवावा. मुलांच्या सामन्यांची वेळ ७ ठेवायची की १० हे ठरवायला प्रशिक्षकांना तोच आकडा लागतो.

पहिला तक्ता येत्या हिवाळ्याचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, मार्च संपण्याआधी यावा. तासागणिक आकडे आपल्याकडे आहेतच, त्यांची वारानुसार मांडणी करायला एका माणसाला दोन दिवस पुरतात. मांडणीचा नमुना आणि वगळायच्या दिवसांची यादी आम्ही तयार ठेवली आहे. आपण सांगाल त्या दिवशी, सुट्टीचा असला तरी, ती घेऊन येऊ.

आपले,
ठाण्यातील हवामापन क्षेत्रातले काही तंत्रज्ञ आणि रहिवासी